पडलेल्या विमानांचा सुतार

ओस्विन श्ट्रेलो कॅन्टीनमध्ये शिरला की वैमानिकांच्या टेबलावरचं बोलणं बंद पडे. कुणी चिरूट पेटवायला मान खाली घाली, कुणी खिडकीबाहेर बघत बसे. माणसाशी कुणाचं वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते त्याच्या कामाशी. हेल्मरिश हवाई कंपनीचं विमान कुठे बीटच्या शेतात, ओढ्यात नाहीतर झाडांवर कोसळलं, की ट्रक घेऊन तिथे जायचं, पंख सुटे करायचे, सांगाडा मालगाडीवर चढवायचा आणि लाइपझिगच्या कारखान्यात परत आणायचा, हे ओस्विनचं काम. सांगाड्याबरोबर कधीकधी आणखीही काही आणावं लागे. म्हणून त्याचं नाव पडलं होतं डोमकावळा. उड्डाणाआधी डोमकावळ्याशी हात मिळवायचा नाही, हा त्या विमानांच्या मैदानावरचा न लिहिलेला कायदा होता.

आणि विमानं तर पडतच. पहिलं महायुद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली होती. लढाईतली उरलीसुरली विमानं डागडुजी करून, पोटात वेताच्या खुर्च्या बसवून माणसं वाहत होती. वैमानिक उघड्यावर बसे, चष्म्यावर उडालेलं तेल बाहीने पुशी आणि खालच्या रेल्वेच्या रुळांवर नजर ठेवून जाई. ढग खाली आले की रूळ गायब. मग मिळेल त्या शेतात उतरायचं, जवळच्या खानावळीत जायचं आणि टेलिफोन करायचा, "इथे इथे बसलोय, मेकॅनिक पाठवा." त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. प्रवासी वाकड्या चाकाशेजारी उभे राहून फोटो काढून घेत, आणि शेतकरी तुडवलेल्या पिकाबद्दल तणतणत राही.

ओस्विन हाफेल नदीकाठच्या होडी बांधणाऱ्यांच्या घरातला. लाकूड वाफेवर वाकवायचं, पातळ फळ्या एकावर एक चिकटवायच्या, हे त्याच्या हाताला लहानपणापासून ठाऊक. लढाईत त्याला आघाडीवरच्या विमानांची दुरुस्ती करायला घातला, आणि नंतर होड्या कुणी विकत घेईना तेव्हा हेल्मरिश कंपनीने ठेवून घेतला. उंच, हाडकुळा, एका जागी न ठरणारा माणूस. जेवायला बसला तरी अर्धी भाकरी हातात घेऊन खिडकीपाशी जाऊन उभा राही.

"पोटात घोडा बांधलाय का रे तुझ्या?" त्याची बायको मेटा म्हणे. मेटा लोकांचे कपडे इस्त्री करून देई. दिवसभर उभी असायची बिचारी, आणि घरी आल्यावर नवरा बसत नाही याचा तिला फार राग. "बस की घटकाभर. बटाटे पळून जात नाहीत."

"बसलोच आहे," तो उभ्या उभ्या म्हणे.

त्याच्या ट्रकमध्ये करवती, जॅक, साखळदंड, दोर असं सगळं सामान असे. पण सगळ्यांत आधी चढे तो करड्या रंगाचा डबा. कंपनीचे व्यवस्थापक ब्राउकमान यांची तशी ताकीदच होती. विमानाच्या दोन्ही अंगांना हातभर उंचीच्या अक्षरांत हेल्मरिशचं नाव होतं. वर्तमानपत्रवाले कॅमेरे घेऊन पोचायच्या आत त्या अक्षरांवर रंग फासायचा. "आधी रंग, श्ट्रेलो. बाकी सगळं नंतर," ब्राउकमान म्हणत. ओस्विन फासत असे. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं त्याला तोवर वाटलं नव्हतं.

सगळ्या वैमानिकांत एकच जण कायदा मोडी. आर्नो लिंडेक. लढाईतला लेफ्टनंट, पिवळट मिशांचा, बोलायला तिखट. बाकीचे निघताना एकमेकांना "मान मोडो, पाय मोडो" म्हणत. वैमानिकांचा शुभेच्छा द्यायचा प्रकारच तो, नशिबाला उलटं सांगायचं म्हणजे ते सुलटं करतं. लिंडेक मात्र मुद्दाम हँगरमध्ये येई, रंधा मारत असलेल्या ओस्विनपुढे हात करी आणि म्हणे, "काय कावळेबुवा, आज आमच्यावर नजर नाही ना?"

"तुमच्यात मांस कुठाय, लिंडेकसाहेब? हाडं वेचायला कोण येणार?"

मग दोघं हसत. मेकॅनिक मंडळी मात्र अपशकुन टळावा म्हणून लाकडावर बोटं वाजवत.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळीही हात मिळवला गेला. न्यूर्नबर्गला जायचं होतं. तिथून टेलिफोनवर कळलं होतं की आभाळ मोकळं आहे. प्रवासी दोनच. एक न्यूर्नबर्गचे क्राप्फ म्हणून जाडजूड गृहस्थ, बिअरमध्ये घालायच्या हॉप्सच्या फुलांचे मोठे व्यापारी. दुसऱ्या पियानो शिकवणाऱ्या कुमारी रूगर, पहिल्यांदाच उडत होत्या आणि टोपी रुमालाने हनुवटीखाली घट्ट बांधून बसल्या होत्या. क्राप्फसाहेबांनी चढता चढता ओस्विनला विचारलं, "काय हो, हे हलतं फार?"

"बोटीइतकंच, साहेब."

"मला बोट लागते," असं म्हणून क्राप्फ चढले.

विमान उठलं, दक्षिणेला वळलं, लहान झालं, दिसेनासं झालं.

दुपारी न्यूर्नबर्गने विचारलं, लिंडेक निघालाय की नाही? ब्राउकमाननी शांतपणे घेतलं. कुठेतरी उतरला असेल. खानावळीत बसून सॉसेज खात असेल, करील टेलिफोन. मध्ये थुरिंगियाच्या जंगलाचा डोंगरकणा होता, त्यावर धुकं बसल्याची बातमी आली. तरीही तेच. करील टेलिफोन.

ओस्विनच्या हातून रंधा चालेना. तो हँगरच्या दारापर्यंत जाई, परत येई. टेलिफोन ब्राउकमानच्या खोलीत होता, त्या खोलीच्या दारावरून तो इतक्यांदा गेला की शेवटी आतून आवाज आला, "श्ट्रेलो! पायांना चाकं लागलीत का?"

तो आत जाऊन उभा राहिला. "साहेब, ट्रक काढू का?"

"कुठे न्यायचा ट्रक? पत्ता माहीत आहे?"

"रुळांच्या बाजूने विचारत जाईन."

"आणि गावोगाव बोभाटा करणार की आमचं विमान हरवलंय. उद्याच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर. लिंडेक लहान पोर आहे का वाट चुकायला? थांबा."

ओस्विन बाहेर आला आणि सरळ ट्रककडे गेला. ट्रकचा ड्रायव्हर वेन्झेल पायरीवर बसून चीज-भाकरी खात होता. गोल पोटाचा, गालांवर लाल शिरा, मैदानावरचा सगळ्यांत वात्रट माणूस.

"चल," ओस्विन म्हणाला.

"हुकूम आलाय?"

"नाही."

वेन्झेलने उरलेली भाकरी कागदात गुंडाळली. "मग लवकर चल. नकाराचा येण्याआधी निघालेलं बरं."

डोंगराच्या पायथ्यापासून त्यांनी विचारायला सुरुवात केली. गाव आलं की वेन्झेल गाडी थांबवी, ओस्विन उडी मारून उतरे आणि दिसेल त्याला गाठे. विमानाचा आवाज ऐकला का? कुठून कुठे गेला? एका गावी पोस्टातल्या बाई म्हणाल्या, ऐकला, चर्चच्या वरून गेला, खिडक्या थरथरल्या. पुढच्या गावात लाकूडतोड्याने सांगितलं, माझ्या डोक्यावरून गेला आणि परत आला. त्याच्या पुढच्या गावच्या शाळामास्तरांनी तर वर्ग थांबवून मुलांना ऐकवला होता.

"घिरट्या घालत होता हो," मास्तर म्हणाले. "आवाज इकडे, मग तिकडे. दिसत काहीच नव्हतं. मुलांना म्हटलं, ऐका, हे नवं युग आहे."

"मग कुठे गेलं ते युग?" वेन्झेलने विचारलं.

"पूर्वेला. श्टाइनरोडेकडे."

"तुम्ही कुणाला सांगितलंत?"

मास्तर गोंधळले. "कुणाला सांगायचं?"

धुकं आता रस्त्यावर उतरलं होतं. वेन्झेल दारातून डोकं बाहेर काढून रस्त्याची कड बघत गाडी हाकत होता. ओस्विन बाजूला बसून पाय आपटत होता. "जरा जोरात घे."

"जोरात घेतली तर आपल्याला उचलायला कोण येणार? कावळा तर माझ्याच शेजारी बसलाय."

श्टाइनरोडे म्हणजे पाटीच्या दगडाचं गाव. घरांची छपरं काळ्या दगडी पाट्यांची, भिंतींवरही त्याच पाट्या खवल्यांसारख्या बसवलेल्या. वर खाणी होत्या. पाळी सुटून खाणकामगार खाली येत होते, त्यांना ओस्विनने अडवलं. एका पांढऱ्या भुवयांच्या म्हाताऱ्या मुकादमाने पाइप तोंडातून काढला.

"आवाज ना? ऐकला की. सकाळीच. मग धडाका झाला वरच्या रानात. आम्हाला वाटलं जुन्या खाणीत सुरुंग उडवला."

"आज सुरुंग होता?"

"नव्हता," म्हातारा म्हणाला. मग तो बोलायचा थांबला. बाकीचेही थांबले. सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. "नव्हताच," तो पुन्हा म्हणाला, आणि कुणी काही न सांगता सगळे जण वळून, आलेल्या वाटेने परत वर निघाले.

वरचं रान बीच नावाच्या उंच झाडांचं. मध्येमध्ये जुन्या खाणींचे खड्डे, म्हणून मुकादमाने सगळ्यांना एका रांगेत हात-हात अंतरावर चालायला लावलं. कंदील पेटवले होते, पण त्यांचा उजेड धुक्यात कापसासारखा तिथल्या तिथेच राही. ओस्विन रांग सोडून पुढे पळे आणि मुकादम त्याला कोटाला धरून मागे ओढी. "अहो, एक खाली आहे तेवढं पुरे. दुसरा कशाला?"

मग टणटण ऐकू आली. पत्र्यावर काहीतरी आपटत होतं. थांबत होतं, पुन्हा आपटत होतं.

विमान दोन झाडांच्या मध्ये नाक जमिनीत खुपसून उभं होतं. एक पंख वर फांद्यांत अडकला होता आणि त्याचं फाटलेलं कापड लोंबत होतं. कुमारी रूगर पेट्रोलच्या टाकीजवळ खाली बसल्या होत्या आणि हातातल्या बुटाने टाकीवर ठोकत होत्या. माणसं समोर येऊन उभी राहिली तरी त्यांचा हात थांबेना. ओस्विनने गुडघे टेकून त्यांच्या हातातला बूट काढून घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांचे पाय आत आहेत."

लिंडेकचे पाय इंजिनाखाली सापडले होते. तो शुद्धीवर होता. चेहरा राखेसारखा झाला होता. ओस्विनला बघून त्याने ओठ हलवले, "आलास का, कावळ्या." ओस्विन कामाला लागला. जॅक, पहार, फांद्यांचे टेकू. पडलेलं विमान कुठे धरलं म्हणजे कुठे कलतं हे त्याच्या हातांना माहीत होतं, खाणकामगारांना दगड कसा हलतो ते माहीत होतं. मिळून त्यांनी इंजिन उचललं. लिंडेक एकदाच ओरडला आणि मग बेशुद्ध पडला.

क्राप्फसाहेब मागच्या खुर्चीत होते. त्यांच्या अंगावर कुणीतरी बाईमाणसाचा कोट नीट पांघरला होता. ओस्विनने हात लावून पाहिला, अंग गार पडलं होतं.

"आपटताच गेले?" त्याने रूगरबाईंना विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "दुपारपर्यंत बोलत होते."

हे एवढं वाक्य ओस्विनच्या कानात जे शिरलं ते बाहेर पडलंच नाही. दुपारपर्यंत. दुपारी तो हँगरच्या दारात येरझाऱ्या घालत होता. दुपारी मास्तर मुलांना नवं युग ऐकवून मोकळे झाले होते, मुकादम सुरुंगाचा विचार करत होता. आवाज सगळ्यांनी ऐकला होता. प्रत्येकाला थोडंथोडं माहीत होतं आणि कुणालाच काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राउकमान मोटारीने आले. काळा हातमोजा काढून त्यांनी टोपी उतरवली आणि हळूच म्हणाले, "श्ट्रेलो, रंग अजून नाही दिला? फोटोवाले खालच्या गावात पोचलेत. मी त्यांच्या मोटारी पाहिल्या."

ओस्विनने डबा आणला, झाकण उघडलं, ब्रश बुडवला. वनरक्षकाची बायको माणसांसाठी कॉफीची किटली घेऊन आली होती. ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"काय करताय हो?"

"रंग देतोय."

"पडलेल्याला?"

तो हेल्मरिशमधल्या एल अक्षरापर्यंत पोचला होता. ब्रश तसाच राहिला. बाईने तिरकस असं काहीच म्हटलं नव्हतं. तिला खरंच कळलं नव्हतं. तिने त्याच्यापुढे कॉफीचा कप धरला, तोही त्याने घेतला नाही. मग ब्राउकमान मागे येऊन खाकरले, आणि ओस्विनने उरलेली अक्षरं करडी केली. केली ती केलीच. नंतर त्याने ही गोष्ट कुणालाही सांगताना मध्ये काही लपवलं नाही, पण मी नाइलाजाने केलं, असंही कधी म्हणाला नाही.

त्यानंतर तो घरी टिकेना. कामावरून आला की पुन्हा बाहेर. मेटा बटाटे आणि दही-चीज त्याच्यापुढे ठेवी, ते तसंच राही. रविवारी चर्चला न जाता तो इस्पितळात जाई. लिंडेकचा एक पाय गुडघ्याखाली कापला होता, दुसरा प्लास्टरमध्ये.

"बघ, शुभेच्छा निम्मी फळली," लिंडेक म्हणाला. "पाय मोडला, मान राहिली." मग हसू गेलं. "तो लठ्ठ माणूस कसा आहे, हे मला कुणी नीट सांगत नाही. नर्स म्हणते, विश्रांती घ्या."

"गेला, लिंडेकसाहेब. दुपारपर्यंत होता."

लिंडेकने तोंड भिंतीकडे केलं. "मला रूळ दिसले नाहीत," तो म्हणाला. "परत फिरायला हवं होतं. न्यूर्नबर्गला आभाळ मोकळं आहे म्हणाले, म्हटलं एवढा डोंगर ओलांडला की झालं." त्याने मान वळवली. "आणि हे साहेब-बिहेब पुरे. इंजिन उचललंस माझ्यावरून. आर्नो म्हण. तू म्हण."

ओस्विनने टोपी हातात फिरवली. लेफ्टनंटाला तू म्हणायचं म्हणजे जीभ अडखळत होती. "बरं... आर्नो. मी विचार करतोय, त्या गावांना कुणी सांगितलंच नव्हतं, की ऐकलं तर कळवा म्हणून."

"मग सांग ना."

"मी?"

"मग कोण? ब्राउकमान?"

ब्राउकमानला त्याने विचारलंच होतं. ब्राउकमान उडालेच. "डोंगरातल्या प्रत्येक पोस्टात जाऊन सांगणार, आमचं विमान पडेल तेव्हा कळवा? शाबास! तिकिटं कोण घेईल मग?"

तेव्हा ओस्विन स्वतःच निघाला. हिवाळ्यात विमानं बंद असत आणि कारखान्यात काम कमी. तो आगगाडीने डोंगराच्या पायथ्याशी जाई आणि पुढे पायी. पोस्ट, वनरक्षक, पाद्री, खाणीचे मुकादम, जिथे टेलिफोन असेल किंवा टेलिफोनपाशी पळत जाणारं कुणी असेल, तिथे. बोलायला तो फार कच्चा. दारात टोपी धरून उभा राही, समोरच्याला वाटे काहीतरी विकायला आलाय.

"काही नको आम्हाला," म्हणून एका पाद्र्याच्या बहिणीने दार लावलं.

"मी विकत नाही हो बाई, मागायला आलोय."

"मग तर मुळीच नको," दाराआडून आवाज आला.

वसंत ऋतूत लिंडेक लाकडी पाय लावून, दोन कुबड्या घेऊन त्याच्याबरोबर यायला लागला. त्याने सगळं बदललं. लेफ्टनंटाचा आवाज, तुटलेला पाय, बोलण्यातला तोरा. पोस्टमास्तर त्याला बघून खुर्चीतून उठत. "धुक्यात आवाज खाली आला, फिरायला लागला, किंवा एकदम थांबला, तर लाइपझिगला टेलिफोन. मैदानावर श्ट्रेलो म्हणून मागायचं. ब्राउकमानने उचलला तर ठेवून द्यायचा." ओस्विन मागे उभा राहून मान हलवी.

टेलिफोन यायला लागले. सुरुवातीला नुसता तमाशा. एका पाद्र्याने मळणीयंत्राचा आवाज कळवला. एका वनरक्षकाने डॉक्टरची मोटारसायकल. प्रत्येक वेळी ओस्विन हातातलं टाकून ट्रककडे धावे आणि वेन्झेल कपाळावर हात मारी.

"तुझ्या त्या पाद्र्याला सांग, विमानाला आभाळ लागतं. धान्याचं कोठार नाही."

मेटाचा संताप वेगळाच. "पूर्वी विमान पडलं की पळायचास. आता न पडताही पळतोस. लग्न माझ्याशी केलंस की त्या टेलिफोनशी?" पण तिनेच त्याच्या जाड कोटाला आतून लोकरीचं अस्तर शिवून दिलं, आणि वर म्हणाली, "डोंगरात मेलास तर मी येणार नाही उचलायला."

पुढच्या सप्टेंबरात टेलिफोन आला तो श्टाइनरोडेच्या त्या म्हाताऱ्या मुकादमाचा. तो स्वतः आयुष्यात पहिल्यांदा टेलिफोनवर बोलत होता आणि इतका ओरडत होता की ओस्विनला नळी कानापासून लांब धरावी लागली. "श्ट्रेलो! आवाज थांबला! वाळक्या तळ्याच्या वर! आमची माणसं निघालीत!"

विमान दुसऱ्याच कंपनीचं होतं. ट्रक पोचेपर्यंत खाणकामगारांनी एका म्हाताऱ्या जोडप्याला बाहेर काढून, दाराच्या फळीवर घालून गावात आणलंही होतं. नवऱ्याच्या पोटात मार होता. डॉक्टर म्हणाला, संध्याकाळ झाली असती तर काही खरं नव्हतं. वैमानिक मात्र जागच्या जागी गेला होता. चोवीस-पंचवीसचा पोरगा. ओस्विनने त्याला ट्रकमध्ये घेतलं आणि लाइपझिगपर्यंत त्याच्याजवळ मागेच बसून आला.

लोकांना वाटलं, आता हा माणूस निवांत होईल. मैदानावर वैमानिक त्याच्याशी हात मिळवायला लागले, मेकॅनिकांनी एक बिअर पाजली. ओस्विनने ती उभ्यानेच संपवली. निवांतपणा आला नाही. उलट रात्री झोप उडाली. या म्हाताऱ्याला वाचवता आलं, म्हणजे क्राप्फनाही वाचवता आलं असतं, हे आता नक्कीच ठरलं होतं.

शेवटी तो न्यूर्नबर्गला गेला. मेटाने कॉलर इस्त्री करून दिली, विचारलं काहीच नाही. क्राप्फांचं घर जुन्या पेठेत होतं, खाली हॉप्सची वखार, सगळ्या जिन्यात त्या फुलांचा कडवट वास. विधवा बाबेटे क्राप्फ ठेंगणी, काळ्या कपड्यातली, हातात किल्ल्यांचा जुडगा. धंदा आता तीच बघत होती.

"बसा," ती म्हणाली.

"उभाच बरा आहे, बाई."

"मी बसा म्हटलं."

तो बसला. तिने विचारलं नाही तरी त्याने सगळं सांगितलं. सकाळ, दुपार, ब्राउकमान, मास्तर, सुरुंग, रंगाचा डबा. थांबत थांबत, शब्द शोधत. ती किल्ल्या हातात धरून ऐकत होती.

"कंपनीचा माणूस आला होता माझ्याकडे," ती म्हणाली. "म्हणाला, कळलंसुद्धा नसेल त्यांना. क्षणात गेले."

"नाही, बाई. दुपारपर्यंत होते. शुद्धीवर होते."

ती एकदम उठली. खोलीच्या त्या टोकाला गेली, परत आली. ओस्विनला वाटलं आता दार दाखवणार. ती समोर येऊन उभी राहिली.

"काय बोलत होते?"

हे ओस्विनला रूगरबाईंनी सांगितलेलं होतं. तरी त्याला ते बोलायला लाज वाटली, इतकं ते साधं होतं. "हॉप्सबद्दल. म्हणत होते, यंदा श्पाल्टकडचा माल चांगला आहे, भाव चढायच्या आत विकू नका असं घरी कळवायला पाहिजे. आणि रूगरबाई थंडीने कुडकुडत होत्या, तर त्यांना म्हणाले, कोट माझ्यावर घालू नका, मी जाड आहे. त्यांनी ते ऐकलं नाही."

बाबेटे क्राप्फ खुर्चीवर बसली. आधी हसल्यासारखा आवाज आला, मग तो बदलला. बराच वेळ ती रडत होती आणि ओस्विन तिच्यासमोर, हात गुडघ्यांवर ठेवून, न हलता बसून होता.

"मी विकला," शेवटी ती नाक पुसत म्हणाली. "त्याच आठवड्यात. पडेल भावात. कुणी सांगितलंच नाही मला." मग रागाने, "वर्षभर का नाही आलात?"

"धीर झाला नाही."

"मूर्ख माणूस," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन त्याच्यासाठी कोबीवर घातलेली बारीक सॉसेजं घेऊन आली. तो ती सगळी खाऊन उठला.

पुढे हवाई कंपन्या एकात एक मिसळत गेल्या, हेल्मरिशचं नाव कुठल्याच विमानावर राहिलं नाही. वैमानिकांच्या हाती बिनतारी यंत्रं आली, बाहेर काही न दिसताही उडता येईल असे सुया-काटे आले, आणि डोंगरातल्या पोस्टमास्तरांच्या कानांची गरज संपली. ब्राउकमान बर्लिनला मोठ्या हुद्द्यावर गेले. लिंडेकने लाइपझिगमध्ये सायकलींचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकांशी भांडून ते दोनदा बंद पाडलं. ओस्विनने पन्नाशीत नोकरी सोडली. मेटाला वाटलं आता तरी हाफेलकाठी परत जाऊ. पण त्याने श्टाइनरोडेला घर घेतलं आणि खाणकामगारांच्या घरांची दारं-खिडक्या करायला लागला. मेटा वर्षभर कुरकुरली, मग तिथल्या बायकांत अशी रमली की तीच त्याला सुट्टीसाठीसुद्धा गाव सोडू देईना.

बसण्याचं म्हणाल, तर ते त्याला कधीच जमलं नाही. धुकं उतरलं की तो सुतारकामाच्या खोलीचं दार उघडून बाहेर जाऊन उभा राही. मेटा आतून हाक मारी, "अरे, रेडिओ आहे आता त्यांच्याकडे!"

"माहीत आहे," तो म्हणे, आणि उभाच राही.